रायगडची भाषा आणि भीमथडीचा सातबारा

काल्पनिक जगे रचणाऱ्या लेखकांना एक गोष्ट फार लवकर उमजलेली दिसते, ती ही की राजाच्या मस्तकी मुकुट, हाती खड्ग आणि भोवती तटबंदी एवढी सामग्री जमवून राज्य उभे राहत नाही. त्या राज्यातल्या थोरांच्या मुखी अशी एखादी वाणी घालावी लागते, जी रस्त्यावरच्या माणसाला ऐकू तर यावी, पण सहजासहजी कळू नये. ऑक्सफर्ड विद्यापीठात भाषाशास्त्राचे अध्यापन करणारे जे. आर. आर. टॉल्किन (1892–1973) यांनी फिनिश भाषेच्या नादावर लुब्ध होऊन ‘क्वेन्या’ नावाची एक संपूर्ण भाषा रचली आणि आपल्या कथासृष्टीत तिला युरोपातल्या लॅटिनचे स्थान दिले. ही भाषा बोलणारे कुलीन लोक समुद्र ओलांडून परमुलखात येतात, तिथला राजा त्यांच्या भाषेला बंदी घालतो, आणि मग घरात, बाजारात, सैन्यात स्थानिक ‘सिंदारिन’ भाषा रूढ होऊन क्वेन्या विद्येपुरती आणि विधींपुरती उरते. तरीही त्या कथेतला पुढच्या काळातला राजा सिंहासनावर बसताना नाव धारण करतो ते क्वेन्या भाषेतलेच. अलीकडे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या चित्रमालिकेसाठी डेव्हिड पीटरसन या भाषारचनाकाराने ‘हाय व्हॅलिरियन’ ही सरदारांची आणि विद्वानांची भाषा मूळ कादंबऱ्यांतल्या मोजक्या शब्दांवरून व्याकरणासह उभी केली, आणि जगभरच्या हौशी मंडळींनी ती शिकायलाही घेतली.

मराठी वाचकाला या प्रकाराचे नवल वाटण्याचे कारण नाही. कारण साडेतीनशे वर्षांपूर्वी एका खऱ्या राजाने, खऱ्या सिंहासनासाठी, खऱ्या कारभाऱ्यांकडून असाच उद्योग करवून घेतला होता, आणि त्याचे फलित कोश या रूपाने आजही आपल्यापुढे आहे. त्या कोशाचे नाव ‘राजव्यवहारकोश’. त्याचा गौरव आपल्याकडे पुष्कळ होतो. ती भाषा पुढे कुठवर पोचली आणि कुठे थबकली, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो. तो मांडायचा तर रायगडावरून खाली उतरावे लागेल, आणि घाट चढून पुणे ओलांडून भीमेच्या काठी, जुन्या भीमथडीच्या मुलखात यावे लागेल. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत आणि केडगाव या स्थानकांच्या दरम्यान खुटबाव नावाचे गाव आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने ते गाव आणि त्याचा शेजार रायगडाइतकाच बोलका आहे.

प्रथम रायगड. 6 जून 1674 रोजी शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, तेव्हा केवळ एका पराक्रमी सरदाराचा छत्रपती झाला असे नव्हे. राज्याची परिभाषाही त्याच सुमारास पालटली. तोवर राज्याचा गाडा हाकणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे पेशवा, मुजुमदार, सुरनीस, वाकनीस, डबीर, सरनौबत अशी होती, आणि ती सर्व बहमनी राज्यापासून दक्षिणेत मुरलेल्या फारसी दरबारी रिवाजातली होती. आता पेशव्याचा मुख्यप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती. न्यायाधीश आणि पंडितराव यांसह अष्टप्रधानमंडळ संस्कृत नावांनी सजले. नवा राज्याभिषेक शक सुरू झाला. होन आणि तांब्याची शिवराई ही नाणी देवनागरी अक्षरे मिरवू लागली. शहाजीराजांची मुद्रा फारसी होती. शिवाजीराजांची मुद्रा मात्र राज्याभिषेकाच्या कितीतरी आधीपासून, रांझ्याच्या पाटलाला शासन केल्याच्या 1646 सालच्या प्रसिद्ध पत्रापासून, संस्कृत श्लोकाच्या रूपात उमटत होती. म्हणजे 1674 साली जे घडले त्याची वासना फार जुनी होती. राज्याभिषेकाने तिला अधिष्ठान मिळाले, इतकेच.

राज्याभिषेकानंतरच्या थोड्याच वर्षांत सिद्ध झालेला राजव्यवहारकोश परंपरेने रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावावर सांगितला जातो, आणि त्याच्या रचनेत धुंडिराज व्यास या पंडिताचा हात होता. अमरकोशाच्या धर्तीवर श्लोकबद्ध असा हा ग्रंथ असून त्यात दहा वर्ग आहेत: राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद आणि पण्य. सुमारे 1380 दरबारी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. या वर्गांची नुसती नावे वाचली तरी योजनेचा आवाका ध्यानात येतो. सिंहासनाभोवतालच्या मंडळींपासून आरंभ होतो, मग राजवाड्यातले कारखाने, खाण्यापिण्याचे आणि भोगाचे पदार्थ, हत्यारे, सैन्याची चार अंगे, किल्ले, लिहिण्याचा फड, मुलूख, आणि सर्वांत शेवटी बाजार. राज्य वरून खाली जसे दिसते तशीच ही उतरंड आहे. यवनांच्या भाषेने विद्वज्जनांची वाणी झाकोळून गेली, तिचा उद्धार करण्यासाठी राजाज्ञेने हा कोश रचला, अशा आशयाचे प्रयोजन कोशकाराने आरंभी सांगितले आहे.

हे प्रयोजन बारकाईने वाचण्यासारखे आहे. यावनी शब्दांखाली दबली ती विद्वज्जनांची भाषा, असे कोशकार म्हणतो; कुणब्याची भाषा दबली असे तो म्हणत नाही. शिवाय संस्कृत प्रतिशब्द संस्कृत श्लोकांत बांधून दिलेले, म्हणजे ज्याला कोश हवा त्याला कोश वाचण्यापुरते संस्कृत आधीच आले पाहिजे. गावच्या कुळकर्ण्याचा मुलगा बापाच्या दप्तरातली जुनी कागदपत्रे समोर ठेवून मोडी अक्षर गिरवी, जमाखर्चाचा मायना पाठ करी आणि त्यातच तरबेज होई. त्याच्या हाती हा कोश पडण्याचा संभव नव्हता, आणि पडता तरी तो सोवळ्यात गुंडाळून देवघरात ठेवला गेला असता. तेव्हा राजव्यवहारकोश ही प्रजेच्या भाषेची शुद्धी नव्हती. एका नव्या क्षत्रिय राजपदाला शोभणारी, उत्तरेच्या बादशहाला आणि दक्षिणेच्या सुलतानांना आपण कोणाचे मांडलिक नाही हे ऐकवणारी, अशी ती एक घडवलेली उच्चभ्रू वाणी होती. त्या काळी राज्याभिषेकाचा विधी करायला जसा काशीहून गागाभट्ट आणावा लागला, तसाच हा शब्दांचा विधी होता, आणि विधी म्हणून तो पूर्णपणे यशस्वी झाला असे माझे मत आहे. त्याच्याकडून त्याहून अधिक अपेक्षा आपण केली. तो विधी करवणाऱ्या राजाने ती केली होती की नाही याची मला शंका आहे.

कारण त्याच राजाची कागदपत्रे पाहा. शिवकालीन कितीएक पत्रांचा आरंभ ‘अज रख्तखाने’ अशा अस्सल फारसी मायन्याने होतो, आणि त्याच कागदाच्या माथ्यावर संस्कृत मुद्रा विराजमान असते. तारीख घालायची ती शुहूर सनाची, आणि तीही अरबी संख्यावाचकांत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. गंमत अशी की हे अरबी शब्दांनी मोजले जाणारे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू होई, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. पेरणीची वेळ ज्या कुणब्याला अचूक ठाऊक, त्याच्या हंगामाचे वर्ष त्याला न कळणाऱ्या अरबी आकड्यांनी लिहिले जात असे, आणि यात कोणालाच विसंगती वाटत नसे. ही मिश्र लेखनरीती काही शिवकाळातली निर्मिती नव्हे. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात महसुलाचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत ठेवण्याची पद्धत पाडली, असे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. हिशेब ठेवणारे ब्राह्मण कारकून, वाक्य मराठी, लिपी मोडी आणि नामे मात्र फारसी, अशी जी एक कामचलाऊ पण विलक्षण लवचीक बोली त्यातून तयार झाली, तीच पुढे तीनशे वर्षे मराठी मुलखाचा कारभार करीत राहिली.

फारसीसुद्धा दक्षिणेत आली तेव्हा दरबाराचीच भाषा होती, हे इथे विसरून चालणार नाही. भीमथडीतल्या पाटलाच्या कानी ‘वारस’, ‘हक्क’, ‘कब्जा’, ‘तगाई’ हे शब्द पहिल्यांदा पडले असतील तेव्हा ते त्याला आज आपल्याला एखाद्या शासननिर्णयातली परिभाषा वाटते तितकेच परके वाटले असणार. पण त्या शब्दांच्या पाठीशी जमीन होती. वारस या शब्दाने शेत मिळे, कब्जा या शब्दाने ते टिके, बाकी या शब्दाने बैल जप्त होत. अशा शब्दांशी माणूस परका राहूच शकत नाही. आणि एकदा का एखाद्या महजरावर पंचवीस गावच्या पाटलांची साक्ष पडून ‘मिरास’ हा शब्द लिहिला गेला, की मग त्या जागी दुसरा शब्द, मग तो कितीही शुद्ध असो, लिहू देणारा मिरासदार वेडाच म्हटला पाहिजे. कारण शब्द बदलला की तंट्याला वाट मिळते. दरबाराला शब्द बदलणे सोपे जाते, शेताला ते महाग पडते, आणि राजव्यवहारकोशाच्या साऱ्या पुढच्या इतिहासाची किल्ली माझ्या मते इथे आहे.

तो इतिहास मोठा मनोरंजक आहे. संस्कृत केलेल्या पदव्यांपैकी काही टिकल्या त्या सरंजामी घराण्यांच्या उपाध्या होऊन: भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य. भोर संस्थान तर आपल्या पुणे जिल्ह्याच्या कुशीतच 1948 सालापर्यंत नांदत होते. याउलट फारसी हुद्दे घराघरांत शिरून आडनावे झाले, आणि मुजुमदार, डबीर, वाकनीस, चिटणीस, फडणीस ही मंडळी आज मुंबईपुण्याच्या पाट्यांवर सुखाने नांदत आहेत. सर्वांत मौज पेशव्यांची. शाहू महाराजांच्या प्रधानांच्या शिक्क्यावर शेवटपर्यंत ‘मुख्यप्रधान’ हाच शब्द कोरलेला असे. पण पुण्यात, पानिपतावर, कागदोपत्री आणि शत्रूच्या तोंडी त्यांचे नाव पेशवे. ज्या पदाला रायगडाने सर्वांत आधी नवे नाव दिले, त्याचे जुने नाव त्या पदापेक्षाही मोठे होऊन अख्ख्या कालखंडाला चिकटले. टांकसाळींचेही तेच झाले. शिवराईवर ‘छत्रपति’ ही अक्षरे उमटली आणि ती कुणब्याच्या कनवटीला पोचली, हे खरेच. परंतु पुढे अठराव्या शतकात मराठी टांकसाळींतून पडणारा रुपया बहुधा दिल्लीच्या बादशहाच्या नावाने आणि फारसी अक्षरांतच पडत राहिला, कारण बाजारात तोच चाले.

किल्ल्यांच्या नावांचा निकाल संमिश्र आहे. रायरीचा रायगड झाला आणि रायरी विसरली गेली. कोंढाण्याला सिंहगड हे नाव इतके शोभले की कोंढाणा आता इतिहासाच्या पुस्तकांत आणि पोवाड्यांत राहतो. पण तोरण्याचे प्रचंडगड आणि रोहिड्याचे विचित्रगड ही नावे कागदातून वर आलीच नाहीत. चाकणच्या भुईकोटाला संग्रामदुर्ग म्हणणारा मनुष्य आज हटकून दुर्गप्रेमी असतो, चाकणचा रहिवासी क्वचितच. जिथे राजा स्वतः राहिला किंवा जिथे काही असामान्य घडले तिथे नवे नाव रुजले, एरवी डोंगर ज्यांच्या रोजच्या नजरेला होता त्यांनी आपले जुनेच नाव चालवले.

मराठीतल्या फारसीचा ओसर मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी केला. त्यांनी 1628, 1677 आणि 1728 या सालांतले तीन कागद घेऊन शब्द मोजले. पहिल्यात 202 फारसी आणि 34 मराठी, दुसऱ्यात 51 फारसी आणि 84 मराठी, तिसऱ्यात 8 फारसी आणि 119 मराठी. हे कोष्टक तेव्हापासून शेकडो व्याख्यानांत दाखवले गेले आहे, आणि शंभर वर्षांत फारसी शंभरातल्या पंच्याऐंशीवरून सहावर आली असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. राजवाड्यांच्या व्यासंगापुढे नतमस्तक होऊनही असे म्हणावेसे वाटते की तीन कागदांवर एका भाषेचा शतकाचा प्रवास बेतणे साहसाचे आहे. हुकूमनामा, खासगी पत्र आणि वतनाचा निवाडा यांची शब्दकळा एकाच दिवशी, एकाच कारकुनाच्या हातीसुद्धा निराळी पडते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र घ्या. राजनीतीचा विचार सांगताना ते संस्कृताच्या पायऱ्या चढते, आणि किल्ल्याचा बंदोबस्त सांगू लागले की बेधडक फारसीत उतरते. एकाच ग्रंथात, एकाच लेखणीतून. मराठी राज्याची खरी राजभाषा पाहायची असेल तर ती कोशात नाही, तिथे आहे.

आता खुटबाव. या गावचा पत्ता सरकारी कागदावर पूर्वापार ‘मौजे खुटबाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे’ असा लिहिला जातो, आणि त्यातले मौजे, तालुका, जिल्हा हे तिन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेले आहेत. शहाजीराजांची पुणे आणि सुपे परगण्यांची जहागीर याच मुलखातली. म्हणजे ज्या राज्याने राजव्यवहारकोश करवला त्याचे हे जणू परसदार. असे असूनही इथली जमीन जिरायत किंवा बागायत असते, तिच्यावर सोसायटीचा बोजा चढतो, ती गहाण पडते, तिच्या वारसांची नोंद लागते, तिचा दावा दौंडच्या कोर्टात चालतो, आणि त्या कोर्टात ‘दिनांक’ छापलेला असला तरी शेतकरी जातो तो ‘तारखे’ला. इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास शेजारच्याच इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी मोजणी व आकारणी सुरू केली, आणि पुढे साऱ्या मुंबई इलाख्याला लागू झालेली रयतवारी मोजणीची पद्धत तिथे बसवली गेली. राज्यकर्ते इंग्रज, यंत्रे विलायती, गणित नवे. पण रयतेपुढे जाताना त्यांनी शब्द उचलले ते जुन्याच दफ्तरातले, आणि जे नवे करावे लागले तेही त्याच वळणाचे. ‘भोगवटादार’ हा शब्द बघा: अर्धा संस्कृत कुळातला, शेपूट फारसी, आणि दोन्ही मिळून अस्सल मराठी. व्याकरणशुद्धीचा आग्रह धरणाऱ्या पंडिताने असा शब्द जन्मात केला नसता.

शुद्धीचा आग्रह मात्र विसाव्या शतकात पुन्हा उफाळून आला. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना विनायक दामोदर सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम हाती घेतली आणि तिचा कुलवृत्तांत थेट राजव्यवहारकोशाशी जोडला. ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’ हे आज कोणालाही नवे न वाटणारे शब्द त्या मोहिमेतले. फारसीचे प्राध्यापक आणि फारसी छंदांत मराठी गझल आणणारे माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला आणि पुढे 1938 साली ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहून शुद्धीचा पुरस्कार केला. ज्या भाषेचे शब्द हद्दपार करायचे त्या भाषेचे सर्वांत उत्तम जाणकार तेच होते. हा विरोधाभास अनेकांनी त्यांच्या तोंडावर मारला. मला तो दोष वाटत नाही. घरातून काय काढायचे हे ठरवण्यापूर्वी घरात काय आहे हे पाहिलेला तो एकच मनुष्य होता.

बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी 1931 साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा कारभारविषयक कोश प्रसिद्ध करविला, आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर लगोलग भाषा संचालनालय निघून 1962 साली ‘पदनाम कोश’ आला. त्यातल्या काही शब्दांची त्या काळी ‘बदनाम कोश’ म्हणून यथेच्छ टवाळी झाली. टवाळखोरांना वाटले होते तितका तो कोश निष्फळ ठरला नाही. अभियंता, आयुक्त, संचालक, अधीक्षक हे शब्द आज खेड्यातही चालतात. आणि रायगडावर सुरनिसाचा सचिव झाला होता तो सचिव मुंबईच्या सचिवालयात, 1975 नंतरच्या मंत्रालयात, पुन्हा येऊन बसला. पण नीट पाहिले तर एक सूत्र दिसते. वस्तू नवी असेल तर घडवलेला शब्द तिच्याबरोबर गावात शिरतो. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंड तालुक्यात फिरू लागले आणि त्याच्याबरोबर पाटबंधारे खात्याचा ‘आवर्तन’ हा चक्क तत्सम शब्द उसाच्या फडापर्यंत पोचला. आज चौथी नापास शेतकरीही ‘औंदा उन्हाळी आवर्तन कधी सुटतंय?’ असे विचारतो, आणि आपण संस्कृत बोललो याची त्याला कल्पनाही नसते. वस्तू जुनी आणि शब्द तेवढा नवा असेल, तर मात्र शब्द पाटीवर राहतो.

या सगळ्या थोरांच्या भाषेच्या कारखानदारीला खुटबावच्या शेजारीच एक प्रखर उत्तर मिळालेले आहे, आणि ते कोणा अडाण्याने दिलेले नाही. खुटबावच्या लगतच्याच केडगाव स्थानकाजवळ पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती’ सदन आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या (1858–1922) बालपणापासून संस्कृतात वाढलेली. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रियांना अप्राप्य असलेली विद्वज्जनांची भाषा तिने त्यांच्याच सभेत बोलून दाखवली होती. पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आणि 1896–97 च्या दुष्काळातल्या अनाथ मुलींना केडगावात आणून सांभाळू लागल्यावर तिने बायबलाचे मराठी भाषांतर करायला घेतले. प्रचलित भाषांतर पंडिती वळणाचे, संस्कृत शब्दांनी जड झालेले आणि तिच्या सदनातल्या खेडवळ बायकांना न उमगणारे, असे तिचे मत होते. म्हणून उतारवयात ती हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि मूळ भाषांतून थेट साध्या मराठीत उतरवण्याचे काम मरेपर्यंत करीत राहिली. छापखाना सदनाचाच होता आणि खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच बायका. 5 एप्रिल 1922 रोजी तिचे निधन झाले. भाषांतर त्याच्या थोडेसे आधी हातावेगळे झाले होते आणि समग्र ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला.

रायगडच्या पंडिताने कारभाराची रुळलेली भाषा उचलून संस्कृतात चढवली, आणि केडगावच्या पंडितेने संस्कृताची सवय असलेली लेखणी मुद्दाम खाली आणली. दोघांनीही भाषा घडवलीच. रमाबाईंची मराठी ही भीमथडीच्या बोलीची नक्कल नव्हे. मूळ शब्दाला धरून राहण्याच्या आग्रहापायी ती जागोजाग अडखळते, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींत ती सर्वमान्य पाठही होऊ शकली नाही. सोपी भाषा रचणे हे जड भाषा रचण्याहून अवघड काम आहे, एवढे त्यावरून कळते. पण संस्कृत कोळून प्यालेल्या बाईने, दुष्काळातून उचललेल्या मुलींसाठी, आयुष्याच्या अखेरची वर्षे त्या कामात घालवावीत, याचे मोल मला राजव्यवहारकोशाच्या दहा वर्गांपेक्षा उणे वाटत नाही. आणि या दोन्ही ग्रंथांमागे राजाज्ञा व धर्मश्रद्धा यांपैकी एकेक बळ उभे असतानाही, दोन्ही आज वाचले जातात ते अभ्यासकांकडूनच.

उच्चभ्रू विद्येचा एक उलटा फेरा अलीकडे पाहायला मिळाला. मोडी ही एके काळी कुळकर्ण्याची रोजची लिपी. 1950 च्या कायद्याने कुळकर्णी वतने खालसा झाली आणि बाळबोध छापील नमुने सर्वत्र आले, तशी मोडी दफ्तरखान्यात निजली. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडीवाचकांसाठी धावाधाव झाली, आणि आजोबांनी सहज खरडलेली अक्षरे लावून दाखवणारा मनुष्य हा एकाएकी तज्ज्ञ ठरला. राजाने भाषा न घडवताही, नुसते विसरल्याने, मूठभरांची वाणी निर्माण होऊ शकते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये जमिनीच्या मूळ कागदाचे नाव ‘अधिकार अभिलेख’ असे आहे. शब्द भारदस्त आहे, निर्दोष आहे, आणि खुटबावच्या पारावर तो कोणी उच्चारल्याचे स्मरत नाही. तिथे न फारसी जिंकली न संस्कृत. गावनमुन्यांना क्रमांक होते, हक्काचा नमुना सातवा आणि पिकांचा बारावा, म्हणून लोकांनी त्याला सातबारा म्हटले. त्यावरून ‘सातबारा कोरा करा’ अशी घोषणा निघाली, ती मोर्चात आणि विधानसभेत सारख्याच जोमाने दिली गेली, आणि आता संगणकावर निघणाऱ्या, डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यालाही तेच नाव आहे. तो उतारा ज्याच्या सज्जाचा, त्या तलाठ्याचे पदनाम शासनाने 2024 साली बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले. कार्यालयांवरच्या पाट्या त्याप्रमाणे बदलतील. शेतकरी त्याच्यासमोर उभा राहिला म्हणजे त्याला तलाठीही म्हणत नाही आणि ग्राम महसूल अधिकारीही म्हणत नाही. तो म्हणतो ‘भाऊसाहेब’, आणि मग आपल्या फेरफाराचे काय झाले ते विचारतो.